जैसे थे

आमच्या शेजारच्या अण्णांनी शेवग्याच्या फांदीवरून मला सुप्रीम कोर्टाची धमकी दिली, तेव्हा मी बनियनवर होतो आणि हातात पाण्याचा पाइप होता. झाड त्यांचं, पण पाला पडतो माझ्या टाकीत. फांदी तेवढी छाटा, एवढंच मी म्हणालो होतो.

"हात लावून तर बगा! सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!"

"जावा की," मी म्हणालो.

आपल्याकडे माणूस शेजारच्या मोहोळला जायचं तरी दहादा विचार करतो, पण भांडणात एकदम दिल्ली गाठतो. मधली कोर्टं कुणी तोंडावर आणत नाही. 'मी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे जाईन' असं म्हणून आजवर कुणी कुणाला घाबरवलेलं नाही.

माझा भाचा वकिली करतो. त्यानं चहा निवायच्या आत अण्णांचा मार्ग आखून दिला. आधी इथलं दिवाणी कोर्ट, मग जिल्हा न्यायालय, मग हायकोर्ट. त्यासाठी आता मुंबईची गाडी धरायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथं येऊन बसणारं खंडपीठ, बसतं आणि आपला सोलापूर जिल्हा त्यात येतो. तिथं हरले की राज्यघटनेच्या कलम १३६ खाली दिल्लीत विशेष अनुमती याचिका. म्हणजे आधी 'माझं ऐकून घ्या' अशी परवानगी मागायची, आणि ती मिळेलच असं नाही.

"मामा, तोवर झाड वाळून जाईल."

अण्णांना बिचाऱ्यांना काय माहीत, ते ज्या कोर्टात जायची धमकी देतात तिथं मी रोजच जाऊन बसतो. मोबाइलवर.

हे व्यसन लागलं त्याला कारण आमचा गावाभिमान. २०२२ साली उदय लळित सरन्यायाधीश झाले. जन्म सोलापूरचा! सात रस्त्याजवळ आम्ही जिथं सकाळी चहा घेतो, त्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाची कुठली तरी मावशी त्यांच्या घराजवळ राहून गेलेली निघाली. त्याच जुलैमध्ये त्यांच्या खंडपीठानं साडेदहाऐवजी साडेनऊलाच काम सुरू केलं होतं. मुलं सकाळी सातला शाळेत जातात, मग न्यायाधीश आणि वकील नऊला का येऊ शकत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. टपरीवर यावर दोन मतं पडली. सवाल बिनतोड आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून डुलकी काढणाऱ्या गावातला माणूस हे बोलला यावर निम्म्यांचा विश्वास बसेना.

सरन्यायाधीश म्हणून त्यांना मिळाले ७४ दिवस. पासष्टी आली की खुर्ची सोडायची, तिथं कुणाचं काही चालत नाही. आमच्या हिशेबानं पंधरा पाणी. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या घरी काळ पाण्यात मोजतात. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे 'दोन पाण्यामागं येऊन गेला' म्हटलं की कोण कधी आलं ते घरात सगळ्यांना कळतं.

तर या पंधरा पाण्यांतच, २७ सप्टेंबर २०२२ ला, घटनापीठाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. मंगळवार होता. शिवसेनेचं प्रकरण पाच न्यायमूर्तींसमोर होतं आणि मी साडेदहाला आंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून मोबाइलसमोर बसलो. आता टेबलावर हात आपटले जाणार, कुणीतरी घाम पुसणार, या तयारीनं.

असलं काही नसतं हो तिथं. सुनावणी म्हणजे काय ते मला तेव्हापासून आजवर पुष्कळ बघून कळलंय. वकील एक पान सांगतात. ते कुठल्या खंडातलं, असा प्रश्न येतो. खंड सापडतो. मग छापील पान की पीडीएफचं पान, यावर विचारविनिमय होतो. न्यायमूर्तींच्या संगणकावरचं पान आणि वकिलांच्या हातातलं पान यांचा मेळ बसेपर्यंत आमच्याकडे भाकरी थापून होते. मग तेवढं एक वाक्य वाचलं जातं, आणि न्यायमूर्ती इतक्या सौम्य आवाजात काहीतरी विचारतात की मी मोबाइल कानाला लावून बसतो.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला आतून हाक आली, "पाणी आलंय!"

ही हाक आली की आमच्या घरात कुठलंही कामकाज तहकूब होतं. मी मोबाइल पिंपाच्या झाकणावर उभा केला, मोटर लावली आणि पाइप धरला. पडद्यावर ठाकरे गटाचे वकील सिब्बल दहाव्या अनुसूचीवर, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यावर, बोलत होते. त्यांचा मुद्दा आणि आमचं पहिलं पिंप साधारण बरोबरच भरत आलं. एवढ्यात मोबाइल घसरला आणि दहावी अनुसूची बादलीत गेली. काढली, पुसली, तांदळाच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "निकाल काय लागला?" मी म्हणालो, "निवडणूक आयोगाचं काम थांबवायला नकार दिला. मूळ प्रकरण पुढं चालू."

"म्हणजे आज जे झालं, त्यानं ते संपलं नाही?"

"नाही."

"मग फोन कशाला बुडवला?"

पण बघणं वेगळं आणि चर्चा करणं वेगळं. चर्चेला बघावं लागत नाही, वर्तमानपत्राचा मथळा पुरतो. मराठी मथळ्यांतलं सुप्रीम कोर्ट कधी शांत बसलेलं दिसत नाही. ते दणका देतं, चपराक लगावतं, कान टोचतं, खडे बोल सुनावतं, आणि काहीच सुचलं नाही तर ताशेरे ओढतं. हे ताशेरे काय असतात, ते कुठून कुठं ओढतात, मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एकदा टपरीवर 'सरकारला सुप्रीम दणका' असा मथळा वाचून आम्ही तासभर सरकार पाडलं, नवं बसवलं, खातेवाटपही केलं. भाचा आला, त्यानं मोबाइलवर खरा आदेश काढला. दोनच ओळी. नोटीस काढा. चार आठवड्यांनी ठेवा.

"आणि दणका?" मी विचारलं.

"मामा, न्यायाधीश सुनावणीत बोलतात ते बोलणं. सहीनं निघतो तो आदेश. दणका दोन्हींत नव्हता, तो उपसंपादकाच्या टेबलावर पडला."

टपरीवर एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना कांद्याचा भाव विचारला तरी ते केशवानंद भारतीवर, म्हणजे राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही या निकालावर, येतात. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा, हे सगळं ते एका घोटात सांगतात आणि मग चहाचा दुसरा घोट घेतात. शेवग्याचं प्रकरण कानावर गेल्यावर त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला: "फांदी छाटायचा तुम्हाला अधिकार आहे, पण झाडाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही." मग खोड मूलभूत की पहिली बेचकी मूलभूत, यावर दोन चहा गेले. केशवानंद प्रकरणातही असंच झालं असणार. चौकट आहे हे ठरलं, तिच्यात काय काय येतं ते पुढच्यांनी बघून घ्यावं.

मी एकदा निकाल मराठीतही वाचायला घेतला. आता अनुवाद मिळतात. पण त्यातच सूचना असते की हा मजकूर समजून घेण्यापुरता, अधिकृत धरायची ती इंग्रजी प्रत. हे आपलं बरं आहे. कळेल ते खरं नाही आणि खरं ते कळत नाही. तरी एक फायदा झाला, 'सबब' हा शब्द घरात रुळला. परवा बायको म्हणाली, "तुम्ही बाजारातून मेथी आणलेली नाही, सबब आज पिठलं."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रिकामटेकड्याचं आहे. तसं नाही. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक अडकली ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात, आणि त्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, 'जैसे थे'. मुदत संपली तेव्हापासून १०२ नगरसेवक माजी. पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन एकाच्या दारात गेलो तर तो म्हणाला, "काका, मीच चार दिवस आंघोळ केली नाही." म्हणजे आमच्या गल्लीतल्या व्हॉल्व्हचा प्रश्न थेट दिल्लीत, टिळक मार्गावर पडून होता, आणि मी तारीख बघायची नाही?

तारखा बघता बघता ६ मे २०२५ उजाडला. कोर्ट म्हणालं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. चारचे नऊ होत आले, शेवटची मुदत पडली ३१ जानेवारी २०२६ ची. मतदान ठरलं १५ जानेवारीला. ऐन किंक्रांतीला! सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली, घरात तिळगुळाचे डबे, पाहुणे आलेले. किंक्रांतीला आमच्याकडे कुणी साधी नवी चप्पल घालत नाही, आणि आम्ही पावणेतीनशे पाण्यांनंतर नवे नगरसेवक निवडायला रांगेत.

रांगेत माझ्या पुढं अण्णा. डोक्यावर टोपी, खिशात तिळगुळाची पुडी. चार-पाच महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यांनी मागं वळून बघितलं, पुडी पुढं केली. मी एक वडी घेतली. तोंडात असताना कायद्याचं बोलता येत नाही, म्हणून त्यांनीच सुरुवात केली.

"फांदीचं मी बघतो ओ. पण आता फुलं धरलीत. शेंगा उतरू द्या की."

"किती दिवस?"

"आठ आठवडे."

मी वडी चावली, जरा विचार केल्यासारखं केलं. "बरं. तोवर जैसे थे."

रांग चार पावलं सरकली. अण्णांना काहीतरी आठवलं. "आन् ओ, तुमच्या हद्दीत लोंबतेत, त्या शेंगा कुणाच्या?"

"ते पुढच्या तारखेला," मी म्हणालो.