‘मातीत खेळणाऱ्या पोरांना काही होत नाही’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळी उलटली की विदर्भातल्या गावोगावी रात्रकालीन कबड्डी सामन्यांचे फलक लागतात आणि त्याच सुमारास एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: पूर्वीची पोरे मातीत खेळली म्हणून कणखर झाली, माती मऊ असते, तिच्यात पडून काही होत नाही, अंग मोकळे करायला पहिली चढाई पुरते, पाय मुरगळला तर तेल लावून चोळावा, ओढून बसवावा आणि पुन्हा मैदानात उतरावे, डोक्याला मार लागला तर तोंडावर पाणी मारले की पुरे, बाकी पट्ट्या आणि डॉक्टर हे शहरी चोचले आहेत. पालक, मंडळांचे पदाधिकारी आणि काही क्रीडाशिक्षकही हा संदेश पुढे पाठवतात, आणि त्याच्या भरवशावर १२ ते १७ वर्षांची मुले-मुली खेळवली जातात, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

मातीपासून सुरुवात करू. आपल्याकडची काळी माती पाऊस संपल्यावर वाळते, भेगाळते आणि तिची ढेकळे टणक होतात. पुष्कळ गावांत तर शाळेच्या पटांगणावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला असतो. अशा जमिनीवर खांद्यावर किंवा कोपरावर आदळणाऱ्या मुलाला माती वाचवत नाही. कबड्डीचे नियमही मैदान सपाट आणि मऊ असावे असेच सांगतात. सामन्याच्या दोन दिवस आधी गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याने रोटाव्हेटरचा फेरा मारला, मुलांनी खडे आणि काचा वेचल्या, वर चाळलेली माती व लाकडाचा भुसा पसरून पाणी मारले, तर मैदान खेळण्याजोगे होते. खरचटल्यावर माती लावू नये, जखम साबण-पाण्याने धुवावी; आणि १० व १६ व्या वर्षी दिली जाणारी धनुर्वात-घटसर्पाची लस मुलाने घेतली आहे का, हे शाळेने आधीच पाहून ठेवावे.

‘पूर्वीच्यांना काही झाले नाही’ हे विधान ऐकायला बरे वाटते, परंतु ते करणारे बहुधा शेवटपर्यंत खेळत राहिलेले लोक असतात. ज्याचा गुडघा विसाव्या वर्षी गेला आणि जो त्यानंतर मैदानाकडे फिरकलाच नाही, त्याची आठवण या संदेशात येत नाही. शिवाय जुन्या परंपरेचा आधार घ्यायचा असेल, तर ती नीट पाहावी. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली. त्यामागे वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध तालीम होती. तालमीत कुस्तीपूर्वी हौद्यातली माती खोदून भुसभुशीत करतात, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात, आणि जोर-बैठकांशिवाय कोणाला लढतीत उतरवत नाहीत. शरीर तयार करून खेळणे ही आपलीच रीत आहे, ती शहरातून आलेली नाही.

पहिली चढाई म्हणजेच वॉर्मअप, हे म्हणणे तर सरळ घातक आहे. चढाईत खेळाडू वेगाने वळतो, एका पायावर थांबतो आणि उडी मारून उतरतो. त्या क्षणी गुडघा आत वळला की त्याच्या आतला स्नायुबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटू शकतो, आणि किशोरवयीन मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या अठराशेहून अधिक फुटबॉल खेळाडू मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे २० मिनिटांच्या ठरावीक सरावाने एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती सुमारे निम्म्याने कमी झाल्या. तो खेळ फुटबॉल होता हे मान्य, पण वळणे, थांबणे आणि उडीवरून उतरणे दोन्ही खेळांत आहे. हलके धावणे, बैठका, एका पायावर तोल सांभाळणे, गुडघे सरळ रेषेत ठेवून उडीवरून उतरणे, पोटऱ्या-मांड्यांचे व्यायाम, एवढेच त्यात असते आणि त्याला कोणतेही साहित्य लागत नाही.

आता मुरगळलेल्या पायाविषयी, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक पेशीजालाचा, एक थर असतो, तिथूनच हाड वाढते, आणि साधारण १६-१७ वर्षांपर्यंत तो आजूबाजूच्या स्नायुबंधांपेक्षा कमजोर असतो. म्हणून मोठ्या माणसात जिथे नुसती मुरगळ झाली असती, तिथे मुलात हाडाचा वाढता भाग मोडलेला असू शकतो. त्यावर कोणी पाय धरून ओढला, तर सरकलेले हाड आणखी सरकते. पहिल्या दोन दिवसांत जोराने चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आणि हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून पाय काढावा लागल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. घोट्यासाठी डॉक्टर वापरतात ती कसोटी कोणीही लक्षात ठेवू शकतो: मूल चार पावले टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. तोवर खेळ थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवावा, पट्टी बोटे निळी पडणार नाहीत इतपतच बांधावी आणि पाय उंच ठेवावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे सूज उतरली म्हणून लगेच सामन्यात उतरवू नये, एका पायावर तोल सांभाळता येईपर्यंत थांबावे.

डोक्याचा मार हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. पकडीत दोन कपाळे आपटतात किंवा डोके जमिनीवर आदळते, मूल उठून उभे राहते, आणि शुद्ध हरपली नाही म्हणून सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. मूल गोंधळलेले असेल, गुण किती झाले ते त्याला सांगता येत नसेल, डोके दुखत असेल, अंधारी येत असेल, तर त्या दिवशी त्याला परत खेळवायचे नाही, मग अंतिम सामना का असेना. पुढचे २४ ते ४८ तास आराम, त्यानंतर हळूहळू हालचाल, आणि पकडीची झटापट डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातपाय बधिर होणे किंवा जाग न येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. मान दुखत असेल तर त्याला चार जणांनी उचलून बाहेर नेऊ नये.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती म्हणजे वजन. कबड्डीत वयोगटानुसार वजनाची मर्यादा असते, परंतु गावच्या खुल्या स्पर्धांत चौदा वर्षांचा मुलगा पंचविशीतल्या गड्यासमोर उभा केला जातो. पायांची कैची मारणे, गळा दाबणे, इजा होईल अशी झोंबाझोंबी करणे हे नियमांनुसार दोषच आहेत. नखे कापलेली असावीत आणि अंगावर कडे-साखळी नसावी, हेही नियमांतच आहे. पंचांनी शिटी वाजवली पाहिजे, एवढेच.

राहिले डॉक्टरांचे. प्रत्येक सामन्याला डॉक्टर मिळणार नाही, हे खरे आहे. पण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे कोणत्या वेळेत निघतो, हे आयोजकांनी आधी विचारून ठेवता येते. बर्फाची पेटी, स्वच्छ पट्ट्या आणि रात्री निघू शकेल अशी एक गाडी तयार ठेवता येते. आणि जखमी मुलाला बाहेर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षक किंवा कर्णधाराकडे न ठेवता, निकालाशी संबंध नसलेल्या एका जबाबदार माणसाला सामने सुरू होण्यापूर्वीच माइकवरून जाहीर करून देता येतो.