‘फॅन्सनीच नाकारला’ म्हणणाऱ्या मेसेजमधला एकेक दावा

विज्ञानपटांच्या एखाद्या मोठ्या मालिकेतून फुटून नवा चित्रपट, म्हणजे स्पिन-ऑफ, आला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या सिनेमाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. चित्रपटाचं नाव बदलतं, मजकूर बहुतेक तोच राहतो: ‘ट्रेलरला लाइकपेक्षा डिसलाइक जास्त. रॉटन टोमॅटोज आणि आयएमडीबीवर रेटिंग गडगडलंय. खऱ्या फॅन्सनी बहिष्कार टाकलाय, “सोलो”चं झालं तेच याचं होणार. स्पिन-ऑफ कधीच चालत नाहीत. पडद्यावर नुसता अंधार, संवाद कळत नाहीत. आपल्याकडे सोमवारीच शो कमी झाले, यातच सगळं आलं. पैसे वाया घालवू नका.’

चित्रपट न आवडणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आक्षेप आहे तो ‘फॅन्सचं मत’ म्हणून पुढे केलेल्या आकड्यांना. त्यातले बरेचसे आकडे चित्रपट बघितलेल्या माणसांचे नसतातच. तिकिटाचे पैसे आणि सुट्टीची एक संध्याकाळ खर्चायची की नाही, हे लोक अशा मेसेजवरून ठरवतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘ट्रेलरला डिसलाइकच जास्त’

यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा सर्वांना दाखवणं बंद केलं. तो आता फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो. मेसेजसोबतच्या स्क्रीनशॉटमधला आकडा येतो तो ब्राउझरला जोडायच्या एका एक्स्टेन्शनमधून. ते ज्यांनी लावलंय त्यांच्यापैकी किती जणांनी अंगठा खाली केला, यावरून एकूण आकड्याचा अंदाज बांधला जातो. आता डिसलाइक बघण्यासाठी मुद्दाम एक्स्टेन्शन लावणारा माणूस हा सर्वसाधारण प्रेक्षक नव्हे. त्यात एकच ट्रेलर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा वेगवेगळ्या व्हिडिओंमधून येतो आणि स्क्रीनशॉट असतो त्यातल्या एकाचाच. तेव्हा हा आकडा बाजूला ठेवावा.

‘रेटिंग गडगडलंय’

रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर दोन वेगळे आकडे असतात आणि मेसेजमध्ये सोयीचा तेवढाच उचललेला असतो. समीक्षकांचा टक्का म्हणजे सरासरी गुण नव्हेत; किती टक्के परीक्षणं अनुकूल आहेत, एवढंच तो सांगतो. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणजे मुलं सगळी पास झाली, सगळ्यांना शंभर गुण पडले असं नव्हे, तसंच हे. दहा समीक्षकांनी दहापैकी सहा-सहा देऊन ‘ठीक आहे, बघा’ म्हटलं तरी टक्का शंभर होतो. उलट पाच जणांनी नऊ-नऊ दिले आणि पाच जणांनी साडेपाच देऊन नापसंती दाखवली तर टक्का पन्नासवर येतो, जरी सरासरी सव्वासात असली तरी. सगळ्यांना थोडा थोडा आवडलेला चित्रपट आणि अर्ध्यांना जीव की प्राण झालेला चित्रपट यांतला फरक हा टक्का दाखवत नाही. स्पिन-ऑफ तर फार वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

प्रेक्षकांचा आकडा वेगळा. पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचं ते प्रमाण आहे. पूर्वी चित्रपट यायच्या आधीच ‘बघायची इच्छा आहे का’ याची टक्केवारी तिथे दिसायची आणि लोक तिलाच रेटिंग समजायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती टक्केवारी आणि प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया दोन्ही बंद झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात झाली. ही खात्री मुख्यतः अमेरिकेतल्या तिकीटविक्रीतून होते, त्यामुळे सांगलीत तिकीट काढून बघितलेल्या माणसाचं मत त्या आकड्यात येत नाही. ते ‘सगळे प्रेक्षक’ या दुसऱ्या गटात जातं. त्या गटात चित्रपट न बघताही मत टाकता येतं. स्क्रीनशॉट कुठल्या गटाचा आहे, हे आधी बघावं.

आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर सरासरीच्या आकड्यावर बोट ठेवून आत जावं, तिथे एकपासून दहापर्यंतच्या मतांचा आलेख दिसतो. समजा एक हजार मतं आहेत. सातशे जणांनी आठ दिले, तीनशे जणांनी एक. साधी सरासरी निघते ५.९, म्हणजे एकाही माणसानं न दिलेला गुण. आयएमडीबी साधी सरासरी न घेता भारित सरासरी काढते आणि मतदान संशयास्पद वाटलं तर तशी सूचना पानावर लावते. आलेखात एकचा खांब उंच आणि दोन, तीन, चार जवळपास रिकामे असतील, तर त्या एकांमागे राग आहे, मूल्यमापन नाही. दहाच्या खांबालाही हाच न्याय लावायचा. आवडत्या मालिकेला डोळे झाकून दहा देणारे चाहतेही आकडा तितकाच बिघडवतात.

‘बहिष्कारानं सोलो पाडला’

या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण प्रत्येक नव्या स्पिन-ऑफला हाच दाखला चिकटवला जातो.

‘सोलो’ हा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतून निघालेला स्पिन-ऑफ २५ मे २०१८ ला आला. जगभरात सुमारे ३९ कोटी डॉलर जमले. यातला साधारण निम्मा वाटा थिएटरांकडे राहतो आणि निर्मितीचाच खर्च २५ कोटी डॉलरच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या, त्याखेरीज जाहिरात. चित्रपट तोट्यात गेला हे खरं आहे. पण का गेला? जून २०१७ मध्ये चित्रीकरण बरंच झालेलं असताना दोन्ही दिग्दर्शकांना काढलं आणि रॉन हॉवर्ड आले. मोठा भाग पुन्हा चित्रित झाला. म्हणजे एकाच चित्रपटाचा खर्च जवळपास दोनदा. मालिकेतला आधीचा चित्रपट, ‘द लास्ट जेडाय’, १५ डिसेंबर २०१७ ला आला होता, मधे जेमतेम पाच महिने. डिस्नेनं त्याआधी आणलेले मालिकेतले चित्रपट साधारण वर्षाच्या अंतरानं, डिसेंबरात आले होते. आणि २७ एप्रिलला ‘इन्फिनिटी वॉर’, १८ मेला ‘डेडपूल २’ लागलेले. एकाच महिन्यात त्याच प्रेक्षकाच्या खिशाला हा तिसरा हात. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी त्याच सप्टेंबरमध्ये चित्रपट फार जवळजवळ आणल्याची चूक स्वतःची असल्याचं मान्य केलं.

ज्यांनी तिकीट काढून बघितला त्यांचं काय? सिनेमास्कोर ही संस्था अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरमधल्याच प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेते. तिथे ‘सोलो’ला ए-वजा मिळाला. ही श्रेणी चांगली समजली जाते. सुरुवातीला येणारे प्रेक्षक मुळातच उत्साही असतात, त्यामुळे ही श्रेणी थोडी वर झुकते, हे धरूनही बघितलेल्यांनी चित्रपट नाकारला असं म्हणता येत नाही.

ऑनलाइन रागाचं मोजमापही झालेलं आहे. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’च्या दिग्दर्शकाला उद्देशून केलेल्या ट्वीट्सचा अभ्यास मॉर्टन बे या संशोधकानं २०१८ मध्ये मांडला. ९६७ खात्यांच्या ट्वीट्समध्ये नकारात्मक निघाली सुमारे २२ टक्के. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त खाती एक तर बॉट, ट्रोल किंवा राजकीय हेतूनं लिहिणारी असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. अभ्यास एकाच माणसाला पाठवलेल्या ट्वीट्सपुरता आहे, त्यातून सगळे चाहते मोजता येत नाहीत. पण उरलेली सुमारे दहा टक्के नाराजी अस्सल होती, हेही त्यातूनच दिसतं. ती दडपायचं कारण नाही.

‘सोलो’वरची आमची तक्रार कथेची आहे. नायकाला आडनाव कसं मिळालं, यान कसं मिळालं, अशा कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात त्याचा बराच वेळ जातो. स्पिन-ऑफ फसतो तो बहुधा इथे. अशी नेमकी टीका करणारा चाहता आम्हाला मोलाचा वाटतो, आणि ‘बहिष्कार’ या एका शब्दाखाली त्याचंच म्हणणं गाडलं जातं.

‘स्पिन-ऑफ कधीच चालत नाहीत’

याला फार शब्द लागत नाहीत. त्याच मालिकेच्या २०१६ च्या ‘रोग वन’नं १०५ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधून निघालेला ‘बम्बलबी’ २०१८ चा, ४६ कोटींच्या वर. उलट ‘मॅड मॅक्स’ मालिकेतला ‘फ्युरिओसा’ बघा: समीक्षकांचा टक्का नव्वदच्या आसपास, सिनेमास्कोरवर प्रेक्षकांची श्रेणी बी-अधिक, निर्मितीखर्च सुमारे १७ कोटी डॉलर आणि जगभरचा गल्लाही १७ कोटींच्या थोडाच वर. कौतुक होऊनही तोटा. लोकांना आवडणं आणि पैसे मिळणं यांचे हिशेब वेगळे आहेत.

‘पडद्यावर नुसता अंधार, संवाद कळत नाहीत’

ही तक्रार मात्र खरी असते. फक्त ती बऱ्याचदा चित्रपटाची नसून त्या पडद्याची असते, आणि लोक एक तारा देतात चित्रपटाला.

टूडी चित्रपटासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) ठरलेलं आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साधारण साडेचारच पोचतो, म्हणजे एक तृतीयांश. अंतराळातली, बोगद्यातली, रात्रीची दृश्यं मुळातच कमी उजेडात चित्रित केलेली असतात, ती थ्रीडीत आणखी बुडतात. त्यात प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा तासांगणिक तेज गमावतो आणि महाग असल्यामुळे कधी कधी मुदतीपलीकडे चालवला जातो. काही ठिकाणी थ्रीडी शोनंतर टूडी शो लागला तरी प्रोजेक्टरसमोरचा थ्रीडीचा फिल्टर तसाच राहतो, मग टूडीचाही उजेड खातो. थ्रीडीसाठी लावलेल्या चंदेरी पडद्यावर मधोमध लख्ख आणि कडेला काळपट दिसतं, त्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघणाऱ्याचा आणि मधल्या रांगेतल्याचा अनुभव वेगळा होतो.

आवाजाचंही तसंच. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर सातचा आकडा म्हणजे मिक्सिंगच्या वेळचा मूळ आवाज. जाहिराती कर्कश वाटतात म्हणून कुणी तक्रार केली की आकडा पाचवर येतो आणि मुख्य चित्रपटालाही तिथेच राहतो. पाच म्हणजे साडेसहा डेसिबलहून थोडं जास्तच खाली. धमाके तरीही ऐकू येतात, कुजबुज जाते. संगीत आणि धमाके स्वच्छ पण बोलणं मात्र गोधडीतून आल्यासारखं असेल, तर पडद्यामागचा मधला स्पीकर तपासायला सांगा, कारण संवाद मुख्यतः तिथूनच येतात.

हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि तेव्हाच उठून सांगायचं असतं. डोअरकीपरला नव्हे, मॅनेजरला. ‘अंधार आहे’ एवढंच न म्हणता ‘टूडी शो आहे, थ्रीडीचा फिल्टर समोर राहिलाय का ते ऑपरेटरला बघायला सांगा’ किंवा ‘आवाज कितीवर आहे, थोडा वाढवा’ असं नेमकं सांगितलं तर काम होतं. फिल्टर काढायला, आवाज वाढवायला वेळ लागत नाही. दिवा मात्र त्या शोला बदलत नाहीत. तशा वेळी पुढचा शो दुसऱ्या पडद्यावर मागा किंवा पैसे परत मागा. चित्रपटावर मत लिहिताना थिएटर, पडदा, टूडी की थ्रीडी, इंग्रजी की हिंदी, हे चार शब्द आधी टाका. वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग एका ताऱ्याहून जास्त होतो.

‘आपल्याकडे सोमवारीच शो कमी झाले’

सोमवारी शो कमी होणं हे बहुतेक प्रत्येक चित्रपटाचं होतं. दोनशे रुपयांचं तिकीट धरा. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे मूळ किंमत सुमारे १६९ रुपये. हिंदी चित्रपटांसाठी २००९ च्या संपानंतर निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात ठरलेली वाटणी अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, पुढे ३०. परदेशी स्टुडिओंचे करार वेगळे असू शकतात, पण पन्नास टक्के धरले तरी थिएटरकडे एका तिकिटामागे ८५ रुपये उरतात. सोमवारी सकाळी दहाच्या शोला आठ माणसं आली तर एसीचं बिलसुद्धा निघत नाही. तो शो काढणं हा धंद्याचा हिशेब आहे, चाहत्यांचा कौल नाही.

समोर कुठला चित्रपट आहे, हेही पाहावं लागतं. ‘रोग वन’ १६ डिसेंबर २०१६ ला आला आणि पुढच्याच शुक्रवारी, २३ डिसेंबरला ‘दंगल’ लागला. सांगलीसारख्या कुस्तीच्या जिल्ह्यात पडदा कुणाला मिळणार, हे सांगायला नको. आणि त्या आठवड्यात ‘रोग वन’ जगभर जोरात चालू होता.

शिवाय इथले सगळ्यात कट्टर चाहते पहिलं तिकीट इथे काढतच नाहीत. आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यासाठी सातारा-कराडची मुलं पुणं गाठतात, सांगली-मिरजेची मंडळीही. त्यांचे पैसे तिकडच्या गल्ल्यात जमा होतात. तालुक्याच्या गावी तर चित्रपट पोचतच नाही, कारण हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचा आग्रह डीसीआय या त्यांनीच ठरवलेल्या डिजिटल मानकाच्या प्रोजेक्टरचा असतो आणि जुन्या एकपडदा थिएटरांत सगळीकडे तो नाही. विट्यात, तासगावात शो नाही म्हणजे तिथे चाहता नाही, हा निष्कर्ष तिथल्या पोरांवर अन्याय करणारा आहे. ती हिंदी डब बघतात, मोबाइलवर बघतात, आणि मालिकेचा कालक्रम तोंडपाठ सांगतात.

शो हवाच असेल तर तो मागता येतो. पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक साधारण मंगळवार-बुधवारी ठरतं, म्हणून सोमवारी मॅनेजरला भेटावं. भाषा, टूडी की थ्रीडी, वेळ आणि किती तिकिटं नक्की घेणार हे एकदम सांगावं. पैसे आधी जमा केले असतील तर उत्तम. चित्रपटाची फाइल थिएटरमध्ये असली तरी ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक तारखांपुरतीच दिलेली असते. ती संपली असेल तर वितरकाकडून नवी मागवावी लागते आणि तोवर ऑपरेटरची कितीही इच्छा असली तरी शो लागत नाही. म्हणून पहिल्याच प्रश्नात विचारावं: किल्ली कुठल्या तारखेपर्यंत आहे?