‘विषयच काढू नका’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘पालकांनो, वेळीच सावध व्हा!’ अशा मथळ्याचा, खाली ‘एक अनुभवी प्राध्यापक’ अशी सही असलेला तो लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मी दुर्लक्ष केलं होतं. पण तो ताईपर्यंत पोचला आणि तिने हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीला फोन करून सांगितलं की काउन्सेलरकडे अजिबात जायचं नाही, उद्या लग्नात अडचण येईल. पोरीला कित्येक दिवस धड झोप नाही, स्वतःहून जाते म्हणत होती. म्हणून हे लिहितोय आणि चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. डिप्रेशन हे मोबाइलवाल्या पिढीचं फॅड, आमच्या वेळी नव्हतं. काउन्सेलरकडे गेलं की ‘मनोरुग्ण’ असा शिक्का बसतो, पासपोर्ट-नोकरी सगळं बोंबलतं, आणि जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर पोलीस केस. गोळ्यांचं व्यसन लागतं. मुलांपुढे आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेला किडा डोक्यात शिरतो. आणि उपाय काय, तर पहाटे उठून सूर्यनमस्कार, २१ दिवसांत मूल ठणठणीत.

‘आमच्या वेळी नव्हतं’ला फार वेळ देत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे, केंद्राचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. तेव्हाही होतंच, फक्त ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून गावी नेऊन ठेवायचे आणि घरात नाव काढायचं नाही.

शिक्क्याचं बघू. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तो सरांनी उघडून बघितलेला दिसत नाही. कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, अपवाद मोजके, म्हणजे जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असले. कलम ११५ म्हणतं की ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो प्रचंड तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्यासाठी शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. म्हणजे प्रयत्नाची ही गत, आणि सर नुसत्या बोलण्यावर पोलीस बोलावतायत! कलम २१ मध्ये तर विम्यातही शारीरिक आजारासारखीच वागणूक द्या असं लिहिलंय. पासपोर्टच्या फॉर्मात मानसिक आजाराचा प्रश्नच नसतो, भरलाय ना आपण सगळ्यांनी?

आता यात थोडं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. सैन्यात किंवा पायलट व्हायला जाल तर मेडिकलमध्ये हे विचारतात. आणि बऱ्याच कॉलेजांत काउन्सेलर म्हणजे मानसशास्त्राच्या मॅडमना दिलेला जादा चार्ज असतो, मग सांगितलेलं स्टाफरूममध्ये पोचेल ही मुलांची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. पण त्याचा इलाज धड काउन्सेलर नेमा हा आहे, जाऊच नका हा नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये हेच सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ हवा. आणि कॉलेजला कळू द्यायचं नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता तो किडा. बाकी सगळं मी हसून सोडलं असतं, पण ‘विषय काढू नका’ हे वाक्य जीवघेणं आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, हा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा, आणि राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. या सगळ्यांच्या घरी विषय जास्त निघाल्यामुळे हे झालं असं सरांना म्हणायचंय का? विचारल्याने विचार येतो का हे संशोधकांनी तपासूनही बघितलंय. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी २०१४मध्ये १३ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात किशोरवयीन मुलंही होती, आणि एकाही अभ्यासात विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं ठोस काही दिसलं नाही, उलट कमी होऊ शकतात असं दिसलं. साधी गोष्ट आहे हो, ज्याच्या मनात ते चाललंय तो महिनोन्‌महिने एकटाच ते लपवत असतो, कुणीतरी विचारलं की निदान लपवायचं ओझं उतरतं.

फक्त विचारायचं कसं हे आपल्याला येत नाही. ‘तू असला वेडेपणा करणार नाहीस ना?’ हा प्रश्न नाही, ही तंबी आहे, यावर पोर ‘नाही’च म्हणणार. सरळ विचारा, ‘कधी जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ आणि मग गप्प बसा. फी किती भरली, आजीला काय वाटेल, शेजारच्याचं पॅकेज किती, यातलं काहीही काढू नका. ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रविवार असला तर हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

गोळ्यांबद्दल सरांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. अल्प्राझोलामसारख्या घबराटीवरच्या, झोपेच्या गोळ्यांची सवय लागते हे खरं, म्हणून त्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून खायच्या नसतात. डिप्रेशनवर नेहमी देतात त्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही, पण मनाने अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि या डिप्रेशनच्या गोळ्यांनी पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने कंपन्यांना छापायलाच लावलाय, त्यामुळे तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि फॉलोअप चुकवायचा नाही. सरांना हे माहीत असतं तर त्यांनी नक्की वापरलं असतं.

राहिले सूर्यनमस्कार. घालावेत की, व्यायामाने मूड सुधारतो, कुणी नाही म्हटलंय. पण ज्याला उठून दात घासणं जमत नाहीये त्याला पहाटे पाचचा गजर लावून दिलात तर एकविसाव्या दिवशी त्याच्या हाती एवढंच लागतं की आपण आळशीही आहोत.