विशाखात सूर्य नाही, चंद्र असतो

वैशाख महिन्यावरचा तुमचा लेख छान जमलाय, पण त्यातलं "सूर्य विशाखा नक्षत्रात येतो म्हणून महिन्याचं नाव वैशाख" हे वाक्य प्लीज दुरुस्त करा. सूर्य विशाखात जातो तो नोव्हेंबरात, तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी चालू असते! महिन्याचं नाव पडतं पौर्णिमेच्या चंद्रावरून, वैशाखी पौर्णिमेला म्हणजे बुद्ध पौर्णिमेला चंद्र विशाखाच्या आसपास असतो आणि सूर्य बरोब्बर समोरच्या बाजूला, भरणी-कृत्तिकाकडे. लाइट गेली की आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपायचो तेव्हा आजोबांनी हे दाखवलेलं, इकडे सूर्य बुडाला की तिकडे पूर्वेला चंद्र वर, आणि मातीचं धाबं तेव्हाही इतकं तापलेलं असायचं की पाणी शिंपडल्याशिवाय गोधडी टाकता यायची नाही.

अजून एक, अक्षय्य तृतीयेवर तुम्ही दोन ओळी लिहिल्या त्याही सोनेखरेदीच्या. अहो जळगाव-धुळ्याकडे हीच आखाजी, दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, लिंबाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरून वर खरबूज ठेवायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने घास, टाकायची आणि मगच पुरणपोळी-आमरस. सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, नवीन साल पण आखाजीपासूनच धरतात. आमच्या आईला विचारा, ती आजही "आखाजीच्या आधी का नंतर" असंच विचारते, एप्रिल-मे तिच्या तोंडात येतच नाही. सोनं बिनं आत्ता आत्ता टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे सुरू झालंय आमच्या गावात.