‘आपलं’ काढून टाका म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उगवतो. मजकूर साधारण असा: ‘म्हणजे’, ‘ना’, ‘आपलं’, ‘बरं का’, ‘ॲक्च्युअली’ हे शब्द निरर्थक आहेत. ते वापरणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ असतो. जुन्या पिढीचं मराठी स्वच्छ होतं, ही घाण इंग्रजीने आणली. उपाय एकच, शब्द अडला की गप्प राहा. मनगटाला रबरबँड लावून 21 दिवस चटके द्या, हेही शेवटी आहेच.

मी मुलाखतींचं शब्दांकन करते. रेकॉर्डिंग ऐकायचं, टाइप करायचं, साफ करायचं. सुरुवातीला मीही हे शब्द गवतासारखे उपटून टाकत होते.

‘निरर्थक’पासून सुरू करू. एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टर आजोबांची मुलाखत होती. रात्रीच्या गाडीत एकटाच बसलेला पोरगा दिसला, तेव्हाचं त्यांचं वाक्य: ‘मी आपलं विचारलं, कुठं निघालास रे?’ मी ‘आपलं’ उडवलं. उरलं, ‘मी विचारलं, कुठं निघालास रे?’ मसुदा वाचून त्यांची मुलगी म्हणाली, हे दरडावल्यासारखं वाटतंय, बाबा असं बोलत नाहीत. बरोबर होतं तिचं. सहज, पोटात काही न ठेवता, त्याला घाबरवायचं नाही म्हणून, एवढं सगळं त्या एका ‘आपलं’मध्ये होतं. ‘मी आपला बसलो होतो’ आणि ‘मी बसलो होतो’ यांतला फरक कुठल्याही मराठी माणसाला न सांगता कळतो. निरर्थक शब्दाने फरक कसा पडेल?

‘ना’ तर त्याहून कामाचा. ‘ये’ म्हणजे हुकूम. ‘ये ना’ आर्जव. ‘ये की’ म्हटलं तर त्यात ‘हरकत काय आहे तुझी’ ऐकू येतं, आणि ‘ये तर’ म्हणणाऱ्या आईपुढे उभं राहायचं धाडस मला अजून होत नाही. गंमत म्हणजे ‘येतोस ना?’मध्ये हाच ‘ना’ खात्री करून घेतो आणि ‘येतो ना!’मध्ये खात्री देतो. ‘म्हणजे’ची तऱ्हा वेगळी. ‘मला जमणार नाही. म्हणजे, जमेल, पण उशीर होईल.’ आधीचं वाक्य न फाडता त्याला ठिगळ लावायची सोय आहे ती.

आता गोंधळाचा आरोप. इथे मला इंग्रजीवरच्या अभ्यासांचा आधार घ्यावा लागतोय. ते मराठीवर जसेच्या तसे चिकटवणार नाही, पण फॉरवर्डवाल्यांचा दावा सगळ्याच माणसांबद्दल आहे, तेव्हा चालेल. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं की ‘अ’नंतर छोटा विराम येतो आणि ‘अम्’नंतर मोठा. थोडं थांबायचंय की बराच वेळ, याची ऐकणाऱ्याला आधीच दिलेली वर्दी. 2011 च्या एका प्रयोगात लोकांना गोष्ट ऐकवली. मध्ये ‘अ’, ‘अम्’ असले तर ती त्यांच्या जास्त लक्षात राहिली. त्यांच्या जागी तेवढ्याच लांबीचा खोकला घातला, तर उलट कमी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासात ‘आय मीन’, ‘यू नो’ जास्त वापरणारी माणसं स्वभावाने अधिक काटेकोर निघाली. कशी काय? समोरच्यापर्यंत आपलं म्हणणं नीट पोचतंय का, हे बघत बघत बोलणारी माणसं असावीत ती.

जुन्या पिढीच्या स्वच्छ मराठीबद्दल काय बोलावं. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 सालची. तिचा नववा अध्याय ज्या शब्दाने उघडतो तो आहे ‘तरी’. समोर श्रोते बसलेत, त्यांचं लक्ष ओढून घ्यायचंय, मग पहिला शब्द दुसरा कुठला असणार? पोवाड्यात मागे उभे राहून साथ देणारे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला सवड मिळते. तिथे आपण टाळ्या वाजवतो. ‘ॲक्च्युअली’ इंग्रजीतून आला हे खरंच, पण तो येऊन बसला ‘खरं तर’च्या खुर्चीवर. खुर्ची आधीपासून होती.

राहिला ‘गप्प राहा’ हा उपाय. हा सल्ला व्यासपीठावरचा आहे आणि तिथे तो ठीकच आहे. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबच्या सभेत तर ‘अं’ मोजायला खास माणूस नेमतात. पण ओट्यावरच्या गप्पा हे भाषण नाही. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 च्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. एवढ्यात तुम्ही तोंड उघडलं नाही तर मावशी विषय बदलते. मोबाइलवर तर तीन सेकंद गप्प राहून बघाच, ‘हॅलो? आवाज येतोय ना?’ सुरू होईल.

21 दिवसांचं खूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकावरून पसरलं. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण. ‘म्हणजे’चा संबंध नाही.

वैताग आणणारी पालुपदं असतात, ते कबूल. आमच्या सोसायटीत एक काका दर वाक्यानंतर ‘कळलं का?’ विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. तो शब्दही निरर्थक नाही. अर्थ चांगलाच पोचतो, राग त्याचाच येतो.

मी आता मसुद्यातून ‘अं’ काढते, ‘आपलं’ ठेवते. ‘ना’ आला की मात्र रेकॉर्डिंग मागे नेऊन परत ऐकते.