उलट्या मत्स्यकन्येवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, मॅग्रितच्या उलट्या मत्स्यकन्येच्या चित्रावर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची कमेंट काल रात्री दोनदा वाचली, आज सकाळी मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) बघून आल्यावर परत वाचली. मॅग्रितला चित्रात चिन्हं शोधलेली आवडायची नाहीत, मी कोकणातला मासा बेल्जियमच्या चित्रात घुसवतेय, आणि वर त्याच्या आईच्या मृत्यूबद्दल अवाक्षर नाही, असं तुमचं म्हणणं.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रितचं १९३४ चं 'कलेक्टिव्ह इन्व्हेन्शन'. वाळूवर आडवी पडलेली मत्स्यकन्या, पण उलटी. वर मासा, कमरेखाली बाईचे उघडे पाय, मागे लाटा.

आईचं मी मुद्दाम नाही लिहिलं. १९१२ मध्ये ती साम्ब्र नदीत बुडून गेली, तो तेव्हा १३ वर्षांचा. पण एकदा हे सांगितलं ना, की वाचक 'अच्छा, आई' म्हणतो आणि चित्र बघायचं सोडून देतो, मग त्याच्या प्रत्येक चित्रातलं पाणी म्हणजे साम्ब्र आणि प्रत्येक झाकलेला चेहरा म्हणजे आई. असली मानसशास्त्रीय उकल मॅग्रितलाही पटायची नाही. चिन्हांबाबत त्याचं ऐकायचं आणि इथे नाही, हे कसं?

आता मासा. सर, मी तो चिन्ह म्हणून आणलाच नाही हो. रापण ओढून पुळणीवर आली की बांगडे, तारले अजून जिवंत असतात, अंगभर वाळू, कल्ल्यांची उघडझाप चाललेली, आणि पाणी चार पावलांवर. हे लहानपणापासून बघितलं असेल तर त्या चित्रासमोर 'याचा अर्थ काय' हा प्रश्न आधी येतच नाही, आधी येतं की हिला श्वास घेता येतोय का. गोष्टीतली मत्स्यकन्या खडकावर बसून गाते कारण तिचं नाक-तोंड माणसाचं. मॅग्रितने फक्त वरचं खाली केलं आणि गाणं गेलं, बोलणं गेलं, किनाऱ्यावरचा श्वासही गेला. पाय धडधाकट आहेत, समुद्र मागेच आहे, तरी ती पडून आहे. बघणाऱ्याला हवं ते शरीर तेवढं राहिलं, पण माणसाचा चेहराच नाही म्हणजे तिला काय होतंय ते कळायची सोय नाही. याला तुम्ही 'ओढूनताणून स्त्रीवाद' म्हणालात. मला तर ते सरळ रंगवलेलं दिसतं.

एक मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. समुद्र म्हणजे अबोध मन, असं मी लिहिलं होतं, त्याला चित्रात काहीच आधार नाही, पुस्तकी सवयीने आलं ते. वाक्य आजच काढतेय. तिथला समुद्र समुद्रच आहे.

आणि एक विचारायचंय. माशाला पापणी नसते, मेला तरी डोळा उघडाच. बाजारात आपण कल्ला उचलून आत लाल आहे का बघतो, चित्रात तसं करता येत नाही. तुम्हाला ती जिवंत वाटते का?