समास कापून घ्या

एखाद्या समकालीन चित्रकाराचं मर्यादित आवृत्तीचं स्क्रीनप्रिंट विकत घ्यायचं तुमच्या मनात आलंय म्हणे. छान, घ्याच. या विषयातलं उच्च शिक्षण मी गेल्याच आठवड्यात पूर्ण केलं आणि त्याची फीही सणसणीत भरली. त्यातलं थोडं तुम्हाला फुकट देतो.

पहिली गोष्ट, स्क्रीनप्रिंट म्हणजे काय हे चुकूनही समजून घेऊ नका. ‘प्रिंट’ म्हटलं की कळलंच ना, खरं चित्र कुठेतरी दुसरीकडे आणि हे त्याचं झेरॉक्स. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारणारच आहे, “म्हणजे ओरिजिनल नाही का?” तेव्हा ओशाळं हसून मान हलवा. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर एका रंगाचं स्टेन्सिल, मग रबरी पट्टीनं ओढून कागदावर उतरवलेली शाई. ती वाळली की दुसरी जाळी, दुसरा रंग, आणि तोच कागद केसभरही न हलता पुन्हा त्याच जागी. आठ रंग आणि ७५ प्रती असतील तर ही पट्टी ६०० वेळा ओढावी लागते. चित्र पहिल्यांदा जन्माला येतं ते त्या कागदावरच, त्याआधी ते पूर्ण असं कुठेच नसतं. पण हे सांगायला गेलात तर पाहुणा जांभई देईल. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६२ मध्ये मर्लिन मन्रोचा चेहरा जाळीतून कॅनव्हासवर उतरवला, रंग रेषेबाहेर सरकले तर सरकू दिले, आणि लोक अजून त्यापुढे उभे राहतात. त्यांनाही सांगा की झेरॉक्स आहे.

दुसरं म्हणजे, नंबर लहानच मागा. ३/७५, म्हणजे ७५ प्रतींतली तिसरी, मिळालं तर भाग्य उजळलं, ६८/७५ आलं तर तोंड वाकडं करा. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरलेल्या ड्रायपॉइंटमध्ये रेषेची कड दाबाखाली झिजत जाते, म्हणून तिथे आधीच्या प्रतींना मान असतो. जाळीला तसं काही होत नाही. शिवाय प्रत्येक रंगानंतर कागद वाळायला रॅकवर जातात, पुढच्या रंगाला कुठला आधी येईल आणि कुठला नंतर याचा नेम नसतो, आणि नंबर पडतो तो सगळं संपल्यावर. पण तुम्ही तीन नंबरच मागा. दुकानदारालाही काहीतरी जास्तीचं विकायला मिळायला हवं.

मर्यादित म्हणजे किती, हे विचारू नका. ७५ च्या वर कलाकाराच्या प्रती, म्हणजे एपी, किती. छापणाऱ्याच्या पीपी किती. विक्रीसाठी नाहीत म्हणून एचसी लिहिलेल्या आणि तरीही विकल्या जाणाऱ्या किती. असे प्रश्न विचारणारा माणूस खडूस दिसतो. वॉरहॉलच्या १९६७ च्या मर्लिन संचाच्या २५० प्रती होत्या, आणि त्याशिवाय ए ते झेड अक्षरं टाकलेल्या २६. तिथे निदान अक्षरं तरी मोजता येतात.

सही दिसली की डोळे मिटून पैसे द्या. चित्रकार साल्वादोर दालीनं कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या हे जगजाहीर आहे, त्यामुळे सही आधी की चित्र आधी या भानगडीत पडू नका. वॉरहॉलच्या मर्लिनच्या काही अनधिकृत प्रतींच्या पाठीवर तर ‘आपली सही आपणच भरा’ अशा अर्थाचा शिक्काच असतो. यापेक्षा सरळ माणसं कुठे भेटणार?

आणि ‘झिक्ले’ असं म्हणाले तर भारावून जा. इंकजेट म्हटलं की कोणी भारावत नाही, म्हणून १९९१ मध्ये जॅक डुगॅन या छपाई करणाऱ्यानं फ्रेंचमधल्या फवारण्याच्या क्रियापदावरून हा शब्द काढला. झिक्ले वाईट नसतंच, पण ते स्क्रीनप्रिंट म्हणून विकलं जातं तेव्हा भिंग बाहेर काढू नका. भिंगाखाली स्क्रीनप्रिंटची शाई कागदावर थर होऊन बसलेली दिसते, कड स्वच्छ असते, आणि इंकजेटमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांची धूळ दिसते. दुकानात भिंग काढणं असभ्य आहे.

छापणाऱ्याचं नाव विचारू नका. १९६५ मध्ये ब्रिटिश कलाकार एदुआर्दो पाओलोत्सीची बारा चित्रांची मालिका लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत क्रिस प्रेटरनं छापली. या प्रेटरचं नाव ऐकलंय? नाही ना, मग अडलं का काही?

उन्हात टांगा. गुलाबी रंग आधी जाईल, पण खोली प्रसन्न वाटेल.

आता फ्रेम. फ्रेम कोणाकडूनही करून घ्या. मीही तेच केलं. माझ्या प्रतीला खाली हाताएवढा समास होता, त्यात डावीकडे पेन्सिलनं ४१/७५, उजवीकडे सही, आणि कोपऱ्यात छापखान्याचा उठावाचा ठसा. हातानं बनवलेल्या कागदाच्या असतात तशा दातेरी कडा. चार दिवसांनी चित्र आणायला गेलो. चकचकीत काच, सोनेरी पट्टी, आणि आत चित्र काठाला काठ लावून. समास कुठेय? “साहेब, कडा वाकड्यातिकड्या होत्या, सरळ करून दिल्या. खाली कोणीतरी पेन्सिलनं गिरमिटलं होतं, तेही गेलं. त्याचे वेगळे पैसे नाही लावले.” वेगळे पैसे नाही लावले! मागून पाहिलं तर कागद हार्डबोर्डला आख्खाच्या आख्खा पांढऱ्या गोंदानं चिकटवलेला. अहो, कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, त्याला हलायला जागा लागते! वरच्या काठाला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या, गव्हाच्या खळीनं लावलेल्या, म्हणजे कधीही पाण्यानं सुटतील. पाठीमागे आम्लमुक्त पुठ्ठा. समास पूर्ण दिसेल एवढी माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी. आणि माउंटच्या जाडीनं काच शाईपासून लांब, कारण शाईचा थर काचेला टेकला की एक दिवस काचेबरोबरच सुटून येतो. यातलं एकही काम अवघड नाही. आम्ल असलेला पुठ्ठा काही वर्षांत कागदावर तपकिरी रेघ ओढतो हे जगभर माहीत आहे, आणि याला माहीत नाही. त्याला का माहीत नाही? कारण त्याच्याकडे येणाऱ्या कोणीच त्याला कधी काही सांगितलं नाही.

मीसुद्धा नाही. मी विचारलं ते एवढंच, “सोफ्याला कुठली पट्टी शोभेल?”

आणि तुम्ही हसू नका. पाच वर्षांत दुप्पट होईल का, हे तुम्ही घेण्याआधी तीनदा विचारता. कागद कुठला, रंग किती, छापलं कोणी, हे एकदाही नाही. ज्या छापणाऱ्यानं आणि त्याच्या मदतनिसानं एकेका कागदावर आठआठ वेळा वाकून शाई ओढली, त्यांची चूक असलेली प्रत ते फाडून टाकतात, आणि तुम्ही त्यांची बरोबर असलेली प्रत कात्रीखाली देता. लाज वाटायला हवी. मला वाटते आहे. आज संध्याकाळी भिंतीवरचं उतरवा, उलटं करा आणि मागे काय लावलंय ते बघा.

मी परत जाऊन कापलेली पट्टी मागितली. त्यानं टेबलाखालच्या खोक्यात बराच वेळ शोधलं, बिचारा. ४१/७५ सापडलं. सहीकडचा तुकडा त्यानं दुसऱ्या कोणाच्या तरी फ्रेममध्ये खाचेत सारला होता, काच हलू नये म्हणून.